बायच्या खेळात मी पाठ करून बसतो

आमची बाय म्हणजे माझी भाची. वय पंधरा, सेरेब्रल पाल्सी, चारही हातापायांत कडकपणा, व्हीलचेअरवर असते. बोलते, पण हळू, एकेक शब्द जोर लावून, आणि ऐकणाऱ्याला थांबायला वेळ असेल तरच तिचं वाक्य पुरं होतं. ताई, बाय आणि मी असे आम्ही रत्नागिरी-पावस रोडच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहतो, भावोजी बोटीवर असतात. मी वायरिंग आणि प्लंबिंगची कामं करतो. घरापासून रस्त्यापर्यंत जांभ्याची पाखाडी आहे, चौतीस पायऱ्या, म्हणजे बायला कुठे न्यायचं तर आधी तिला उचलून खाली रिक्षात बसवायचं आणि मग परत वर येऊन खुर्ची न्यायची. लहान होती तेव्हा काही वाटायचं नाही, आता अडतीस किलोची आहे.

गेल्या दीड वर्षात आम्ही बायला बोचिया नावाचा एक खेळ शिकवला, म्हणजे खरं तर तीच शिकली, आम्ही सामान जमवलं. ओळखीतले एक-दोन आईबाप सारखं विचारतात की तुम्ही सुरुवात कुठून केलीत, म्हणून जसं झालं तसं लिहितोय.

आधी एक सांगतो. बायचा व्यायाम आमच्याकडे कधीच चुकला नाही. फिजिओ मॅडमनी ती दोन वर्षांची असतानाच समजावलं होतं की मेंदूला जन्माच्या वेळी जी इजा झाली ती आता वाढणार नाही, पण स्नायू सतत ओढलेले राहतात आणि रोज ताणून मोकळे केले नाहीत तर सांधे आखडतात. तेव्हापासून सकाळी वीस मिनिटं आणि संध्याकाळी वीस मिनिटं, दिवाळी असो की शिमगा, ताई तेलाची वाटी घेऊन बसायची आणि ताई दमली की मी. पाय वर, पाय खाली, टाच ताण, दहा मोज. पण ह्या सगळ्यात बाय काय करत होती? काही नाही, ती छताकडे बघत पडलेली असायची आणि करत आम्ही होतो. हे मला कळायला बारा वर्षं लागली, ह्याचं अजून वाईट वाटतं.

शाळेतही तेच. शाळा साधीच, सगळ्या पोरांची, वर्गात तिला कधी कोणी वेगळं काढलं नाही, मैत्रिणी चांगल्या आहेत. फक्त पीटीचा तास आला की तिची खुर्ची जांभळाच्या झाडाखाली आणि तिच्या मांडीवर सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या. सांभाळ हां बाय. पाचवीपासून आठवीपर्यंत बाटल्या सांभाळल्या पोरीने. कोणाच्या मनात वाईट नव्हतं हे मान्य, पण चार वर्षांत एकालाही वाटलं नाही की हिच्या हातात बाटलीच्या जागी बॉल द्यावा? आणि आम्हालाही नाही वाटलं, आम्ही तर घरचे.

मग २०२४चा सप्टेंबर. गणपती तीन दिवसांवर, घरात साफसफाई चालू, मी गणपतीच्या वरची माटवी बांधत होतो आणि बाजूला मोबाइलवर पॅरिसची पॅरालिंपिक लागलेली. त्या दिवशी सांगलीच्या सचिन खिलारीने गोळाफेकीत सिल्व्हर घेतलं, १६.३२ मीटर. मी ओरडलोच. बायला सांगायला लागलो की बघ, आपल्या महाराष्ट्राचा, ह्याचा एक हात नीट चालत नाही, आणि १९७२ साली आपल्या मुरलीकांत पेटकरांनी पोहण्यात गोल्ड आणलं होतं, लढाईत गोळ्या लागलेला माणूस, वगैरे वगैरे, मी भरात आलो होतो. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "मामा, माझ्यासारखी... कोण... नाय काय?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. धावणारे होते, पोहणारे होते, भाला टाकणारे होते, पण ज्याची मूठ हवी तेव्हा उघडत नाही असं कोणी मला माहीत नव्हतं. रात्री जेवणं झाल्यावर मोबाइलवर शोधत बसलो आणि बोचिया सापडला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गोट्यांमधला गल, लगोरी, असं काही डोळ्यासमोर आणू नका, हा खेळ वेगळा. एक पांढरा बॉल असतो, त्याला जॅक म्हणतात. तो आधी टाकायचा. मग एकाकडे सहा लाल, दुसऱ्याकडे सहा निळे, आणि ज्याचा बॉल जॅकच्या सगळ्यात जवळ तो जिंकला. ज्याचा बॉल लांब आहे त्याने पुढचा टाकायचा, आपला जवळ येईपर्यंत. दुसऱ्याचा बॉल धक्का मारून उडवता येतो, जॅकच हलवून आपल्याकडे आणता येतो, म्हणजे जोर नाही, डोकं लागतं. कोर्ट साडेबारा मीटर बाय सहा मीटर, खेळाडू बसलेलाच असतो. १९८४पासून पॅरालिंपिकमध्ये आहे आणि ऑलिंपिकमध्ये हा खेळच नाही, म्हणजे धडधाकट लोकांच्या खेळातून कापून-छाटून आणलेला असा हा प्रकार नाही. मुळात सेरेब्रल पाल्सीवाल्यांसाठीच बसवलेला. ह्यात गट आहेत, आणि ज्यांना बॉल हाताने फेकता येत नाही त्यांचा गट बीसी ३. त्यांना रॅम्प लावता येतो, म्हणजे उतरती पन्हळ, बॉल वर धरायचा आणि सोडायचा. हाताने सोडता येत नसेल तर डोक्याला लावलेल्या दांडीने, तोंडातल्या दांडीने, कसाही, फक्त सोडायचा खेळाडूने स्वतः.

बायला व्हिडिओ दाखवला. तिने तो चार वेळा लावायला लावला आणि मग म्हणाली, "पाइप... हाय ना... तुझ्याकडं?"

पाइप होताच. बॉलचा घेर २७ सेंटिमीटर, म्हणजे व्यास साडेआठच्या जरा वर, त्याला आपला चार इंची पीव्हीसी, ११० एमएमचा, बरोब्बर लागतो. अडचण खालच्या टोकाची, तिथे पाइप हळूच वळून जमिनीला समांतर झाला पाहिजे नाहीतर बॉल आपटतो आणि उडतो. बेंड लावला तर जोडावर ठेच लागते. शेवटी जुनी पद्धत केली, भाट्याच्या समुद्रावरची वाळू कढईत तापवली, खालच्या टोकाला चिंध्यांचा बोळा घालून गरम वाळू पाइपात भरली, दहा मिनिटांत पाइप मऊ पडला की अंगणातल्या पाण्याच्या पिंपाला टेकवून वाकवला आणि थंड होईपर्यंत मी आणि शेजारचा पोरगा दोन्हीकडून धरून उभे. मग ग्राइंडरने उभा चिरला, कडा पॉलिश पेपरने घासल्या. स्टँड फॅब्रिकेशनवाल्या मित्राने अँगलचा करून दिला, खाली जुन्या मोटरचं बेरिंग टाकलं म्हणजे डावी-उजवीकडे अलगद फिरतो. पहिला पाइप वाया गेला, वाळू जास्त तापली आणि तो मधेच चपटला. दुसरा जमला.

बॉल ताईने शिवले. जुन्या रेक्झिनच्या पिशव्या कापून, आत तांदूळ आणि थोडा चिंध्यांचा चुरा. वजन २७५ ग्रॅमच्या आसपास लागतं, वाण्याच्या काट्यावर एकेक तोलून आणला, दोन बॉल परत उसवले. पावसात तांदळाला पोरकिडे लागले ते वेगळं, पुढच्या वेळी प्लास्टिकचे मणी भरा, माझा अनुभव सांगतोय.

आता खेळायचं कुठे. अंगण सहा मीटर रुंद असलं तरी उताराचं, बॉल थेट पाखाडीवरून खाली. म्हणून भाट्याचा समुद्र. कोरड्या वाळूत व्हीलचेअर रुतते, पुढची छोटी चाकं तर गायबच होतात, पण ओहोटीला पाणी मागे गेलं की जी ओली घट्ट वाळू राहते ती कोब्यासारखी असते, खुर्ची आरामात चालते. सुरूच्या बनापासून तिथपर्यंत मधला जो कोरडा पट्टा आहे त्यावर आम्ही माडाच्या झावळ्यांची झापं आणि वरून जुने फ्लेक्स बॅनर टाकायचो. खुर्ची घरी आली की गोड्या पाण्याने धुवायची आणि चाकांना ग्रीस, ह्यात आळस केलात तर खारं पाणी बेरिंग महिन्यात खातं.

आणि ओहोटी संध्याकाळी पाहिजे, शाळेनंतर, माझं काम सुटल्यावर. आमच्याकडे जुनी माणसं भरतीचा हिशोब तिथीवरून करतात, तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तो भरतीचा टाइम, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेला सव्वाअकराला भरती म्हणजे सव्वापाचला ओहोटी. चतुर्दशीला साडेचार. अष्टमीला बघाल तर संध्याकाळी सहाला पाणी बनाला लागलेलं. म्हणून बायची प्रॅक्टिस पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, पंधरवड्यात तीन-चार दिवस, त्या दिवसांत उधाणाची ओहोटी असल्याने पाणीही लांब जातं आणि कोर्टाला जागाच जागा. कालनिर्णयवर तिने ह्या तारखांना ताईकडून लाल गोल करून घेतले होते. डिसेंबरपासून मेपर्यंत एकही गोल चुकला नाही, अपवाद एक दिवस, तिला ताप होता आणि तरी ती रडत होती.

पहिल्या दिवशी आम्ही तिघंच. दुसऱ्या दिवशी वाडीतली चार पोरं बघायला, तिसऱ्या दिवशी त्यांना खेळायचंच होतं. बाय म्हणाली खेळा, पण खुर्चीत बसून. मग घरोघरच्या प्लास्टिकच्या खुर्च्या रिक्षात घालून समुद्रावर. क्रिकेटमध्ये गावभर नाव असलेला एक पोरगा बसून बॉल टाकायला गेला तर त्याला अंतरच जमेना, सगळे बॉल जॅकच्या पुढे, आणि बायने त्याला सलग तीन दिवस हरवलं. तो चिडला, मनापासून चिडला, वाळूला लाथ मारली. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू, कारण बायशी खेळताना कोणी चिडायचंच नाही आजवर, सगळे तिला मुद्दाम जिंकवायचे आणि तिला ते कळायचं. आमच्याच वाडीत डाउन सिंड्रोमचा एक मुलगा आहे, त्याला टेपने अंतर मोजायचं काम एवढं आवडलं की तो मोजल्याशिवाय कोणाला पॉइंट देत नाही. नंतर त्याच्या आईला सांगितलं की बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी स्पेशल ऑलिंपिक्स म्हणून वेगळी चळवळ आहे, १९६८पासूनची, आठ वर्षांवरच्या मुलांना स्पर्धेत घेतात, पॅरालिंपिक वेगळी, आणि बहिऱ्या खेळाडूंची डेफलिंपिक्स आणखी वेगळी, ती तर १९२४ची. लोक सगळं एकच समजतात आणि मग चुकीच्या दारात जाऊन परत येतात.

आता मूळ गोष्टीवर येतो. बीसी ३मध्ये रॅम्प हलवायला एक माणूस लागतो, रॅम्प ऑपरेटर. तो मी. आणि नियम असा की ऑपरेटरने कोर्टाकडे पाठ करून, खेळाडूकडे तोंड करून बसायचं. खेळ चालू असताना मागे वळून बघायचं नाही. सुचवायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. खेळाडू सांगेल तेवढंच, डावीकडे म्हणाली तर डावीकडे, थांब म्हणाली तर थांब.

हे वाचलं तेव्हा सोपं वाटलं होतं. पण तिच्या जन्मापासून मी तिच्यासाठी बघत आलोय, दगड कुठे आहे, पायरी कुठे आहे, तिला थंडी वाजते का, आणि आता मागे काय चाललंय ते मला दिसतच नाही, फक्त तिचं तोंड दिसतंय. सुरुवातीला मी दहादा वळायचो. ती बोट वर करायची, पुढे बघ. मग हळूहळू मला तिचा चेहरा वाचता यायला लागला. बॉल सोडला की तिचे डोळे त्याच्याबरोबर जातात, बॉल चुकला की खालचा ओठ आत, आणि बरोबर लागला की काहीच नाही, पापणीसुद्धा हलत नाही, लगेच पुढच्या बॉलकडे बघते. पंधरा वर्षं मी हा चेहरा रोज बघतोय आणि एवढा विचार त्यावर चाललेला मी आधी बघितला नव्हता.

रॅम्पवर तिने मार्करने एक ते दहा नंबर घालून घेतले. सात नंबरवरून सोडला तर ओल्या वाळूत तीन मीटरच्या जरा आत, शाळेच्या व्हरांड्यात साडेचार. पावसात आम्ही शाळेच्या व्हरांड्यात खेळायचो, नवीन पीटीचे सर आलेत त्यांनी स्वतः येऊन विचारलं की ह्यात बाकीचा वर्ग खेळला तर चालेल ना. आता आठवड्यातला एक पीटीचा तास सगळा वर्ग खुर्च्यांवर असतो आणि पाण्याच्या बाटल्या कट्ट्यावर. डब्ल्यूएचओचं म्हणणं आहे की दिव्यांग मुलांनीसुद्धा, पाच ते सतरा वयात, दिवसाला सरासरी एक तास तरी हालचाल करावी, दमेल अशी. आमचा अजून तेवढा होत नाही. पण बॉल सोडायला हात लांबवणं, मान वळवणं, कण्यात ताठ राहणं, हे सगळं ती तासभर आपणहून करते, आणि फिजिओ मॅडमनीच सांगितलं की उजवा खांदा पूर्वीपेक्षा मोकळा आहे.

मग स्पर्धेचा विषय निघाला आणि कागद सुरू झाले. बायचं दिव्यांग सर्टिफिकेट जुनं, कागदाचं, फॉर्मला यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, हवं होतं. ऑनलाइन अर्ज केला, त्यातही तिचा अंगठा मशीनवर टेकेना कारण मूठ सुटेना, मागे रांग, मागून च्च च्च. तीन खेपा झाल्या. एका टेबलावर तर विचारलं गेलं, "ही कशाला खेळणार हो? पेन्शनसाठी पाहिजे असेल तर तसं सांगा." बाय समोर होती, तिला सगळं ऐकू येतं. मी तिथे भांडलो नाही, पण घरी येऊन २०१६चा दिव्यांग हक्क कायदा काढला, एकवीस प्रकार आहेत त्यात, आणि कलम ३० सगळं खेळावरच आहे, सरकारने काय काय करायचं ते. प्रिंट काढून फाइलला लावली. पुढच्या खेपेला फाइल उघडून नुसती समोर ठेवली. कार्ड आलं, निळ्या पट्टीचं.

स्पर्धा घाटावर होती. रॅम्प गोधडीत गुंडाळून गाडीच्या टपावर, आंबा घाटात दोनदा थांबलो कारण बायला वळणांनी उलट्या. तिथे आधी क्लासिफिकेशन, म्हणजे गट ठरवणं, दोघांनी मिळून तपासलं, हात उघड, बॉल धर, सोड, मान फिरव, कुठपर्यंत टेकल्याशिवाय बसतेस. मी उत्तर द्यायला लागलो तर त्यांनी हाताने थांबवलं आणि तिच्या उत्तराची वाट बघितली. पुरी वाट बघितली. बीसी ३ मिळाला.

आमचे शिवलेले बॉल चालणार नव्हते, तिथले घेतले. आणि हॉलचं फ्लोअर गुळगुळीत लाकडी. माझ्या ते लक्षातच आलं नाही, मी पाठ करून बसलो आणि मॅच सुरू. पहिला बॉल नेहमीसारखा, सात नंबर. तिचा ओठ आत. दुसरा, ओठ आत. वाळूची आणि कोब्याची सवय, इथे सगळे बॉल सुसाट पुढे जात होते. पहिला एंड, म्हणजे दोघींचे सहा-सहा बॉल टाकून होईपर्यंतचा डाव, ०-३, दुसरा ०-४. समोरची मुलगी तिच्यापेक्षा मोठी आणि शांत. एंड संपल्यावर मी वळून बघितलं तेव्हा कळलं काय झालंय, आणि मला सांगावंसं वाटत होतं की अगो बाय फ्लोअर बघ, पण तिला सांगायची गरज नव्हती. तिसऱ्या एंडला ती म्हणाली, "पाच." मी हात सातवर नेला होता. "मामा. पाच." मी पाचला धरला. सोडला. ती थोडा वेळ बघत राहिली. "चार." मग "डावीकडं... अजून... आता उजवीकडं... इल्लुसं... थांब." मागे टप्प असा आवाज आला, चामड्यावर चामडं आपटल्याचा, आणि तिची पापणी हलली नाही.

तो एंड २-० तिचा. चौथा ०-१ गेला. मॅच ८-२ने हरली. दुसरी मॅच ५-३ जिंकली, तरी गटातून पुढे नाही गेली.

येताना गाडीत ताईने विचारलं, वाईट वाटलं का गो. तर म्हणाली, हो, वाटलं, आणि मग साखरप्यापर्यंत गप्प. साखरप्याला चहाला थांबलो तेव्हा मला म्हणाली मार्कर घे. रॅम्पवर आधीचे नंबर काळे होते, त्याच्या बाजूला आता लाल नंबर घालून घेतलेत, लाकडी फ्लोअरचे, तिने दोन मॅचमध्ये पाठ केलेले. तिसरी रांग वाळूची करायची आहे, त्यासाठी नवे बॉल शिवून झालेत, मण्यांचे. रविवारी चतुर्दशी आहे, ओहोटी साडेचारला. बाय म्हणते चारला तिथे पोचलंच पाहिजे, म्हणजे मला साडेतीनला घरी यायला हवं.